दोन बोटं

आदल्या रात्रीच गाडीत डिझेल भरून ठेवायचं,
नमुन्याच्या दिवशी पंपावर थांबायचं नाही.
अत्तर नाही, डासांचं मलम नाही,
दर बोअरला हातमोजे नवे.
आणि क्रम ठरलेला :
चांगल्या पाण्यापासून निघायचं,
वाईटाकडे चालत जायचं.

सावळी फाट्यावर मे महिन्यात
आठ वाजताच डांबर पायाला चिकटतं.
बंद पंपाच्या छतावरून कंपनीचं नाव काढून नेलंय,
उरलीत स्क्रूची भोकं
आणि पत्र्याखाली चिमण्यांनी कोंबलेलं गवत.

पहिला बोअर शाळेच्या कुंपणाशी.
टेप सोडते. काळी माती, मुरूम, मग खडक,
मला यातलं काही दिसत नाही,
पाणी लागलं की वर हातात शिट्टी वाजते.
नऊ मीटर अठ्ठ्याऐंशी.
आधी उभं पाणी उपसून टाकायचं, तिप्पट;
शिळं पाणी स्वतःबद्दलच बोलतं.
मग बेलर हळू सोडायचा,
झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर घालावी तसा.

बाटली अंगठ्याएवढी. आत आधीच ॲसिडचे थेंब.
काठोकाठ नाही, त्याहून जरा जास्त,
तोंडावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत भरायची.
झाकण. उलटी. तळहातावर टिचकी.
बुडबुडा दिसला तर ती फेकून दुसरी.
आपण जे शोधतोय
ते तेवढ्याशा हवेतही लपून बसतं.

मग अनुसया नेवारेंची विहीर.
त्या रहाटापाशी उभ्या, पदर नाकाला नाही,
त्यांची सवय झालीये.
"कोऱ्या चहात येते वास. दूध टाकलं का कमी येते."
पाणी कसं आहे, विचारतात.
तीन आठवड्यांनी रिपोर्ट, मी म्हणते.
"तवरोक काय पेवा?"
टँकरचं सांगते. तो मंगळवारी येतो, आला तर.
फॉर्मात रकाना आहे : गंध.
मी लिहिते, आहे.
रकान्यात आणखी दोन शब्द मावले असते.

शेवटचा बोअर टाकीच्या खड्ड्यालगत.
इथे शिट्टी दोनदा बदलते.
अकरा बेचाळीसला सलग : तेल.
अकरा शेहेचाळीसला तुटक : पाणी.
उन्हाळ्यात पाणी खाली बसतं
आणि वर तरंगणारं जाड होतं.
तेल तरंगतं तिथला नमुना घेत नाहीत,
नुसती जाडी लिहितात.

शालिक उईके मघापासून टायरच्या दुकानाच्या सावलीत होता.
बावीस वर्षं ह्याच पंपावर.
जवळ आला, ओल्या टेपवर
आडवी बोटं ठेवली. दोन.
"बराबर," म्हणाला.

मी काही विचारलं नव्हतं.

"रोज सकायी टाकीत काठी टाको मी.
रोज दोन बोटं कमी भरे.
मालक म्हने, लिव : उडालं.
पेट्रोल हाय, उन्हानं उडतेच.
पावसाळ्यात बी लिवलं म्या, उडालं.
अक्षर चांगलं होतं माहं."

मग त्यानं बोटं पँटला पुसली
आणि वास घेऊन पाहिला, जुन्या सवयीनं.

मी जाडी लिहिली. चार सेंटिमीटर.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
त्याचं वाक्य कुठल्या बाटलीत भरू,
किती अंशांवर ठेवू,
पोचेपर्यंत उडणार नाही असं?

बर्फ वितळायला लागला होता.
पेटीत नमुन्यांशेजारी एक बाटली असते,
नागपूरच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यानं भरलेली.
ती उघडायची नाही.
सगळीकडे सोबत न्यायची, तशीच परत आणायची;
वाटेत काही मिसळलं का, हे तिच्यावरून कळतं.
अनुसयाबाईंच्या नातीनं विचारलं,
ह्याच्यात काय हाय?
पाणी, म्हटलं. चांगलं.
"मंग तुमी वापस कायले नेता?"

गाडी सुरू करायला चावी दोनदा फिरवावी लागली.